वायफायची बैठक आणि आपली ग्रामसभा



आजचा विषय ऐकून तुम्हाला थोडं नवल वाटेल. आम्ही आज वायफायबद्दल बोलणार आहोत. पण वायफाय कसं लावायचं, पासवर्ड कसा ठेवायचा, हे नाही. वायफायचा नियम जिथे ठरतो ती बैठक कशी चालते, हे सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय त्या बैठकीशी? तर बघा. रोह्याच्या एखाद्या डोंगरवाडीत रेशन दुकानाच्या अंगठ्याच्या मशीनला रेंज मिळत नाही. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीचा ओटीपी यायला टेकाडावर चढून उभं राहावं लागतं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मात्र त्याच वेळी मूर्तीचे फोटो परदेशातल्या गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत जातात. हा फरक पैशांमुळे पडतो, डोंगरांमुळे पडतो. आणि तिसरं एक कारण आहे, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ही यंत्रं कोणत्या तऱ्हेच्या गावासाठी बनवायची, हे आधी कुठेतरी एका बैठकीत ठरलेलं असतं. त्या बैठकीत आपल्यासारख्या गावाबद्दल बोलणारं कुणी असलं तर आपलं गाव हिशेबात येतं. नसलं तर राहून जातं.

नियम कशाला हवा?

पेणच्या खारपट्ट्यातल्या बायकांना हे पटकन कळेल. खारबांध साऱ्या गावाचा असतो, पण त्याचा एकेक तुकडा कुणाच्या तरी शेताला लागून असतो. एकाने आपला तुकडा हातभर कमी उंच ठेवला तर उधाणाचं पाणी तिथूनच आत येतं आणि सगळ्यांची जमीन खारावते. म्हणून उंची किती, उघाडी कुठे, डागडुजी कधी, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. एकट्याने ठरवून भागत नाही.

बिनतारी यंत्रांचं तसंच आहे. तुमचा फोन एका कंपनीचा, घरातला राऊटर दुसऱ्या कंपनीचा, शाळेतला संगणक तिसऱ्या कंपनीचा. तरी तिघं एकमेकांशी बोलतात, कारण तिघांनी एकच नियम पाळलेला असतो. शिवाय हवा एकच आणि बोलणारे अनेक. आपल्या देशात वायफायच्या नेहमीच्या लहरींचा पट्टा २००५ साली परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. म्हणजे कुणीही वापरावा. मग गोंधळ का होत नाही? कारण वायफायच्या नियमातच लिहिलंय की प्रत्येक यंत्राने आधी ऐकायचं. कुणी बोलत असेल तर थांबायचं. ते संपलं की अजून थोडा वेळ थांबायचं, आणि मग आपलं बोलायचं.

हा नियम लिहिणाऱ्या गटाचं नाव आहे '८०२.११ कार्यगट'. आय-ट्रिपल-ई नावाची अभियंत्यांची एक मोठी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्यातला हा गट. १९९० साली तो सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष व्हिक हेज नेदरलँड्समध्ये काम करत होते. त्यांची कंपनी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवायची. दुकानाची मांडणी बदलली की तारा उखडून पुन्हा ओढाव्या लागत, म्हणून त्यांना बिनतारी जोडणी हवी होती. इतक्या साध्या गरजेतून ही गोष्ट निघाली. हेज दहा वर्षं अध्यक्ष होते. पहिला नियम तयार व्हायलाच १९९७ साल उजाडलं. म्हणजे एका नियमाला सात वर्षं!

मत कुणाला?

आता बैठकीकडे येऊ. या गटाच्या वर्षात तीन मुख्य बैठका होतात: मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये. मधे जानेवारी, मे, सप्टेंबरमध्ये आणखी तीन. प्रत्येक बैठक जवळजवळ आठवडाभर चालते. शेकडो माणसं येतात.

पण आलं की लगेच हात वर करता येत नाही. मत कमवावं लागतं. लागोपाठच्या चार मुख्य बैठकांपैकी दोन बैठकांना हजर राहायचं, तेही नुसती सही करून नाही. त्या आठवड्यातल्या किमान ७५ टक्के सत्रांना बसायचं. मग तिसऱ्या बैठकीपासून मत मिळतं. दोनपैकी एक मधली बैठक चालते. पुढे यायचं सोडलं की मतही जातं. मसुदा मतदानाला पाठवला आणि उत्तर दिलं नाही असं वारंवार झालं, तरीही जातं.

आपल्या बचत गटाची पंचसूत्री आठवा. त्यातली पहिलीच गोष्ट नियमित बैठक. का? जी दर बैठकीला असते तिला माहीत असतं, मागच्या वेळी काय ठरलं, कुणी काय अडचण सांगितली. जी सहा महिन्यांनी एकदा येते ती जुनाच वाद पुन्हा काढते. वायफायच्या गटानेही हेच ओळखलं आहे.

दुसरं असं की तिथे माणूस स्वतःच्या नावाने बसतो, कंपनीच्या नावाने नाही. तरी आपण कुणाकडे काम करतो, आपला खर्च कोण करतं, हे प्रत्येकाला उघड सांगावं लागतं. लपवायचं नाही. आपल्याकडे पाणीपुरवठ्याच्या कामावर बोलणाऱ्याने 'ठेकेदार माझा भाऊ आहे' असं आधीच सांगून टाकलं तर ऐकणाऱ्याला किती सोपं जाईल, विचार करा.

अध्यक्ष काय करतात?

या गटाचे पहिले चार अध्यक्ष पुरुष होते. २०१८ च्या मार्चमध्ये डोरोथी स्टॅनली या अभियंता अध्यक्ष झाल्या आणि २०२४ पर्यंत त्यांनी हा गट चालवला. वायफाय ६ म्हणून जो नियम आज नव्या फोनवर लिहिलेला दिसतो, तो त्यांच्याच काळात, २०२१ मध्ये मंजूर झाला. मधे कोविड आला. जमायची सोय राहिली नाही. तेव्हा बैठका ऑनलाइन घेऊन काम चालू ठेवावं लागलं. आता काही जण प्रत्यक्ष आणि काही जण घरून, अशी मिश्र बैठक होते.

अध्यक्षांचं काम काय? सगळ्यात हुशार असणं हे नाही. आपलं मत लादणं तर नाहीच. त्यांचं काम क्रम सांभाळायचं.

बैठकीची विषयपत्रिका आधीच सगळ्यांना मिळते. सुरुवातीला ती मंजूर करून घेतात. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर करतात. मग एक महत्त्वाची सूचना वाचून दाखवतात. या नियमात वापरली जाणारी एखादी युक्ती कुणाच्या पेटंटखाली येत असेल आणि तुम्हाला ते माहीत असेल, तर आत्ता सांगा. हे दर बैठकीला विचारायचंच, विसरायचं नाही. नाहीतर नियम झाल्यावर एखादा उठून म्हणेल, 'ही युक्ती माझी, आता पैसे द्या.' किंमत, बाजारातला वाटा, कोर्टातली भांडणं, हे विषय बैठकीत काढायलाच बंदी आहे.

त्यानंतर मांडणी. ज्याला काही सुचवायचं असेल त्याने ते लिहून, क्रमांक घेऊन, सगळ्यांना वाचता येईल असं ठेवायचं. तोंडी 'मला असं वाटतं' यावर नियम बदलत नाही. मांडणी झाली, प्रश्न झाले, की कधी कधी नुसता कल घेतात: किती जणांना हे बरं वाटतं, किती जणांना नाही? हा कल बंधनकारक नसतो. पण आपण पाण्यात किती खोल आहोत ते मांडणाऱ्याला समजतं आणि तो मांडणी सुधारून परत येतो.

खरा निर्णय ठरावाने होतो. ठरावाचे शब्द पडद्यावर लिहिलेले दिसतात. एक सूचक, एक अनुमोदक. मग चर्चा. मग मतदान: बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती. तिन्ही आकडे इतिवृत्तात जातात. कामकाजाच्या साध्या बाबींना निम्म्याहून जास्त मतं पुरतात. पण तंत्राचा ठराव असेल तर ७५ टक्के लागतात. तटस्थ सोडून १०० जणांनी मत दिलं आणि ७४ जण बाजूने असले, तरी ठराव पडतो.

तुम्हाला वाटेल, हे फार झालं. ७४ जणांना हवं असताना थांबायचं? पण नियम पुढे पाळायचा आहे तो सगळ्यांनी. उरलेले २६ जण मोठ्या कारखान्यांतले असतील आणि रागावून आपला वेगळा बांध घालायला लागले, तर साऱ्यांचंच शेत खारं. म्हणून घाईपेक्षा सोबत मोठी धरली आहे.

विरोध करा, पण लिहून करा

या बैठकीतली आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट आता सांगतो. मसुदा तयार झाला की तो मतदारांकडे पाठवतात. साधारण महिनाभर वाचायला मिळतो. निम्म्याहून जास्त मतदारांनी उत्तर पाठवलंच पाहिजे. 'हो' म्हणणाऱ्याने हो म्हणावं. पण जो 'नाही' म्हणतो त्याने लिहायचं: कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, काय चुकलंय आणि त्याऐवजी काय लिहिलं तर माझं 'नाही' हे 'हो' होईल.

मग गट बसतो आणि एकेका हरकतीला उत्तर देतो. उत्तरं तीनच: मान्य, बदल करून मान्य, किंवा अमान्य. अमान्य केलं तर कारण लिहायचं. एकही हरकत उत्तराशिवाय सोडायची नाही, मग ती मोठ्या कंपनीच्या माणसाची असो की पहिल्यांदाच आलेल्या मुलीची. त्यानंतर सुधारलेला मसुदा परत फिरतो. असं पुन्हा पुन्हा.

याचं एक उदाहरण फार बोलकं आहे. पुढे वायफाय ४ म्हणून ओळखल्या गेलेल्या नियमाचं काम २००३ मध्ये सुरू झालं. २००५ मध्ये दोन मोठे तट पडले. एका बाजूला काही कंपन्या, दुसऱ्या बाजूला काही. कुणालाच ७५ टक्के मिळेनात. शेवटी एकत्र बसून सामायिक मसुदा केला. २००६ मध्ये तो मतदानाला गेला, तर निम्मी मतंही बाजूने पडली नाहीत, आणि हरकती आल्या बारा हजारांच्या आसपास! बऱ्याच हरकती एकसारख्या होत्या, पण वाचाव्या तर सगळ्याच लागल्या. त्या निस्तरत निस्तरत २००९ च्या सप्टेंबरमध्ये नियम मंजूर झाला. सहा वर्षं गेली. पण जुने राऊटर आणि नवे राऊटर एकाच घरात नांदू शकले, ते या निस्तरण्यामुळे.

सगळ्याच बैठका अशा पार पडतात असं नाही. त्याच संस्थेतल्या दुसऱ्या एका बिनतारी गटात दोन तट असे अडून बसले की २००६ च्या जानेवारीत गटच मोडला. काही तयार झालं नाही. आणखी एका गटात एकाच बाजूची माणसं भरून मतं वळवल्याच्या तक्रारी झाल्या. तेव्हा २००६ च्या जूनमध्ये वरच्या मंडळाने त्या गटाचं काम काही महिने थांबवलं. पुढे तिथे माणसागणिक मत सोडून संस्थेमागे एक मत, अशी पद्धत आणली. माणसं आणून हात वर करायला लावणं हा प्रकार फक्त आपल्या गावात होतो असं समजू नका. फरक इतकाच की तिथे तक्रार झाली, ती लिहून घेतली गेली आणि तिच्यावर निर्णय झाला.

गावाचं अंतर कुणी मोजलं?

आता आपल्याकडे येऊ. ५जीची कसोटी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवत होता, तेव्हाची गोष्ट. कसोटी म्हणजे परीक्षेचा पेपर समजा. कोणतंही तंत्र त्या पेपरात पास झालं तरच ते ५जी. पेपरात ग्रामीण भागाचाही एक प्रश्न होता. पण त्यात दोन टॉवरमधलं अंतर धरलं होतं १,७३२ मीटर. म्हणजे पावणेदोन किलोमीटरही नाही.

आपल्याकडे दर पावणेदोन किलोमीटरवर टॉवर कोण उभारणार? आपली घरं एका ठिकाणी दाटीने असतात, मग मधे शेतं, खार, डोंगर, आणि पुढचं गाव लांब. तार पोचते ती फार तर ग्रामपंचायतीपर्यंत. तिथे टॉवर असला तर त्याने भोवतालच्या वाड्यांपर्यंत पोचायला हवं. शिवाय आपल्याकडची माणसं भरधाव गाडीत कमी आणि घरात, शेतात, पायवाटेवर जास्त. भारतातल्या अभियंत्यांनी टीएसडीएसआय या आपल्या दूरसंचार मानक संस्थेतर्फे हेच म्हणणं आकड्यांनिशी मांडलं. २०१७ मध्ये कसोटीत ग्रामीण भागाचा आणखी एक नमुना घातला गेला. त्यात दोन टॉवरमधलं अंतर आहे ६ किलोमीटर. एवढा एक आकडा बदलला की तंत्र बनवणाऱ्यांना लांबच्या वाडीचा विचार करावाच लागतो, कारण तो पेपरातच आहे.

या कामात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर पुढे होते. टीएसडीएसआयचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेने पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरात सात पाडे बिनतारी जोडून पाहिले होते. टीव्हीच्या लहरींमधली रिकामी जागा वापरून, झाडं आणि चढउतार असताना इंटरनेट किती लांब जातं, हे त्यांनी तिथे तपासलं. तिथल्या अनुभवातून पुढे गावांसाठी स्वस्त, कमी विजेवर चालणाऱ्या जाळ्याची रचना सुचली: मोठा टॉवर सगळीकडे पुरेल असा, आणि गावात वायफायचे छोटे ठिपके. आय-ट्रिपल-ईने या रचनेचं मानक २०२४ मध्ये मंजूर केलं. त्याचा क्रमांक २०६१. पालघरच्या पाड्यांतून सुरू झालेलं काम जगाच्या नियमात गेलं, ते बैठकीतून बैठकीत चिकाटीने नेल्यामुळे.

आता खरं तेही सांगायला हवं. नियमात आलं म्हणजे दारात आलं असं होत नाही. टीएसडीएसआयने मांडलेलं ५जी तंत्र २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत आलं, पण कंपन्यांनी ते वेगळं असं बसवलं नाही. त्यातले मुद्दे पुढे जगभरच्या ५जीच्या नियमात मिसळले. डोंगरवाडीत टॉवर यायचा तर पैसा, जागा, वीज आणि सरकारचा निर्णय लागतो. नियम हा पाया आहे. घर त्यावर कुणीतरी बांधावं लागतं.

आपल्या बैठकीत काय नेता येईल?

त्या मोठ्या बैठकीला आपल्यातलं कुणी उद्या जाईल असं नाही. आपल्या मुली अभियांत्रिकीला आहेत, त्या जातीलही. पण ग्रामसभेला, महिला ग्रामसभेला, ग्रामसंघाच्या बैठकीला तर आपणच जातो. तिथे चार गोष्टी करता येतील.

एक, विषय आधी लिहून द्यायचा. ऐन वेळी उभं राहून 'रेंज नाही' म्हटलं की विषय हवेत जातो. विषयपत्रिकेत आला तर टाळता येत नाही.

दोन, आकडे न्यायचे. कोणत्या वाडीत, किती घरं, कोणत्या वेळेला रेंज नाही, रेंज मिळते ती जागा किती लांब. एका वहीत महिनाभर तारखेनिशी टिपून ठेवा. 'फार त्रास होतो' यापेक्षा 'या महिन्यात रेशनचं मशीन आठ दिवस चाललं नाही' हे वाक्य जड असतं. तो ६ किलोमीटरचा आकडासुद्धा असाच कुणीतरी मोजून मांडला म्हणून पेपरात आला.

तीन, ठरावाचे शब्द मोठ्याने वाचून घ्यायचे. सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने किती, विरोधात किती. प्रोसिडिंगमध्ये नुसतं 'चर्चा झाली' असं लिहू द्यायचं नाही. चर्चा झाली म्हणजे काहीच ठरलं नाही. ग्रामसेवकांना आदराने सांगायचं, 'भाऊ, ठराव आमच्यासमोर लिहा आणि वाचून दाखवा.'

चार, नाही म्हणणाऱ्या बाईचं ऐकायचं, पण तिला विचारायचं: 'ताई, काय केलं तर तुम्ही हो म्हणाल?' टॉवरच्या लहरींची भीती वाटत असेल, जागा कुणाच्या वरकसात जाणार असेल, भाडं कुणाला मिळणार यावरून शंका असेल. सगळं लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीत एकेकाचं उत्तर द्या. मान्य, बदल करून मान्य, किंवा अमान्य. आणि अमान्य असेल तर कारण.

ही वही ठेवायला काही खर्च नाही. एक दोनशे पानी वही आणि एक पेन. वही ठेवायचं काम एकीने घ्यावं, दुसरीने दर बैठकीत ती वाचून दाखवावी. पुढची ग्रामसभा कधी आहे ते आजच ग्रामपंचायतीत विचारून या, आणि वहीचं पहिलं पान तुमच्या वाडीच्या नावाने सुरू करा. तुमच्या ग्रामसभेत ठराव झाला की आम्हालाही कळवा. पुढच्या भाषणात इतर गावांतल्या बायकांना तो वाचून दाखवू.